‘आहे त्या स्थितीत’ : जुन्या वाड्याच्या जाहिरातीचे वाचन

छोट्या जाहिराती हे इतिहासाचे साधन आहे असे म्हटले, की ऐकणारा बहुधा हसतो. ताम्रपट, बखरी, दप्तरातले रुमाल ही साधने. ‘वाडा विकणे आहे’ अशा चार ओळी म्हणजे दुसऱ्या दिवशीची रद्दी. परंतु पुणे, नाशिक, वाई, सातारा अशा गावांतल्या कितीतरी जुन्या घरांच्या बाबतीत या चार ओळी हेच त्यांचे शेवटचे जाहीर वर्णन असते. जाहिरात येते, व्यवहार होतो, वाडा उतरवला जातो, पत्र्याचे कुंपण लागते. पुढे तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीला कधीकधी त्या घराण्याचे नाव दिले जाते, तेवढीच खूण मागे राहते.

ही जाहिरात नीट वाचण्याची गरज दोघांना आहे. एक, ज्याला जुन्या घरांच्या इतिहासात रस आहे तो. दुसरा, जो आयुष्याची पुंजी घालून असे घर घेऊ पाहतो तो. या दोघांचे वाचन वेगवेगळे असते असा समज आहे. मला तसे वाटत नाही. जाहिरातीतला प्रत्येक शब्द कुठल्या तरी कायद्यातून, आपत्तीतून किंवा भाऊबंदकीतून आलेला असतो. तो कुठून आला हे कळले, की त्याच्याआड काय राहिले आहे तेही कळू लागते.

गेली बरीच वर्षे मी अशा जाहिरातींची कात्रणे जमवतो आहे. हल्ली त्यांत मोबाइलवर फिरणाऱ्या, फोटोंसह असलेल्या जाहिरातींची भर पडली. साचा मात्र फारसा बदललेला नाही. त्यातले नेहमीचे शब्द एकत्र करून एक नमुना येथे मांडतो. ही कोणा एकाची जाहिरात नव्हे. विवेचनाच्या सोयीसाठी मी जुळवलेली आहे.

‘विकणे आहे. चार हजार चौ. फूट, पेशवेकालीन वाडा, सागवानी काम, शनिवारवाड्याजवळ. भाडेकरूसह. टायटल क्लिअर. आहे त्या स्थितीत. दलाल क्षमस्व.’

आता हे शब्द क्रमाने पाहू.

चार हजार चौरस फूट

जुन्या मराठी कागदांत घर सांगताना ‘खण’ मोजत. खण म्हणजे दोन तुळयांच्या मधला गाळा. मोल्सवर्थच्या कोशाने या शब्दाचा बांधकामातला अर्थ नोंदवला आहे. घर पाच खणांचे आहे एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याला खांब किती, तुळया किती, सोपा केवढा, याचा अंदाज येई. मोजमापाचे एकक घराच्या सांगाड्यातूनच निघालेले होते. घर पडले तर खणही उरत नसत.

जमिनीच्या जुन्या दानपत्रांत आणि सनदांत आणखी एक ठरलेली शब्दमाला येते : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. म्हणजे पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेव. गंमत अशी, की आजच्या खरेदीखतांतही ही माळ थोड्याफार फरकाने टिकून आहे. वकिलाचा कारकून ती जुन्या मसुद्यावरून उतरवतो आणि सही करणारे ती वाचत नाहीत. मिळकतीच्या वर्णनाचे परिशिष्ट पाहिले तर त्यात सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा असतात. आणि शेवटी ‘त्यावरील जुन्या व मोडकळीस आलेल्या बांधकामासह’ असे चार-पाच शब्द. दीडशे-दोनशे वर्षांचे घर त्या चार-पाच शब्दांत आटोपते.

हे विसरभोळेपणाने होत नाही. मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दरतक्त्यांवरून मूल्यांकन होते तेव्हा बांधकामाला त्याच्या वयानुसार घसारा धरतात. घर जितके जुने, तितकी त्याची किंमत कमी. किंमत उरते ती जागेची, आणि त्या जागेवर किती चटई क्षेत्र बांधता येईल याची. चौरस फूट हे एकक जाहिरातीत आले ते याच हिशेबातून. खण गेले आणि फूट आले, म्हणजे विक्रीची वस्तूच बदलली. पूर्वी घर विकले जात असे व त्याबरोबर जागा जाई. आता जागा विकली जाते आणि घर तिच्यावरचा अडथळा म्हणून सोबत जाते.

खरेदीदाराने म्हणून पहिला प्रश्न विचारावा, चार हजार चौरस फूट कशाचे? जागेचे, जोत्याचे, की दोन्ही मजले धरून बांधकामाचे? मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा चार हजार फूट म्हणजे पावणेचार गुंठ्यांच्या आतबाहेर, सुमारे ३७२ चौरस मीटर. पत्रिकेवरचा आकडा याच्याशी जुळत नसेल तर बाकीची जाहिरात वाचण्याआधी तो फरक समजून घ्यावा. शिवाय शहरातले जुने रस्ते अरुंद असल्याने विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा वाड्याच्या अंगणातून किंवा थेट ओटीवरून गेलेली असते. जाहिरातीतले फूट त्या रेषेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे नकाशा पाहिल्याखेरीज कळत नाही.

पेशवेकालीन

पुण्यात हा शब्द सर्वांत स्वस्त झाला आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला, वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुण्याच्या एखाद्या घराला ‘पेशवेकालीन’ म्हणायचे तर काटेकोरपणे ते या अठ्ठ्याऐंशी वर्षांतले हवे. प्रत्यक्षात लाकडी खांब आणि मधे चौक दिसला, की हा शब्द लावला जातो.

वाड्यांचे आयुष्य सलग नसते, हेही ध्यानात घ्यावे. शनिवारवाड्यातल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या. तट आणि दरवाजे राहिले. १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग त्याच वर्षीच्या आगीत गेला व मागाहून पुन्हा उभा राहिला. राज्यकर्त्यांच्या वाड्यांची ही कथा, तर सावकार, भिक्षुक आणि कारकुनांच्या घरांची निराळी असण्याचे कारण नाही. एकाच घराचे जोते अठराव्या शतकातले, मधला चौक एकोणिसाव्या शतकातला आणि माडी विसाव्या शतकातली, असे वारंवार आढळते.

फोटोवरून काळ ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला; तेव्हा अशी कौले दिसली तर ते छप्पर त्यानंतरचे. घर मात्र त्याहून जुने असू शकते, कारण छप्पर बदलणे ही नेहमीची गोष्ट होती. ओतीव लोखंडाच्या नक्षीदार जाळ्या, लोखंडी तुळया, रंगीत काचांची तावदाने या वस्तू रेल्वेनंतरच्या. पुण्याला रेल्वे आली १८५८ मध्ये. याउलट सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, त्यांच्यावरचे केळफुलाचे नक्षीकाम, जाड दगडी तळखडे आणि चपट्या विटा ही जुनेपणाची चिन्हे. तीसुद्धा एकटी पुरत नाहीत, कारण उतरवलेल्या वाड्याचे खांब दुसरीकडे बसवण्याची पद्धत जुनीच आहे.

एक खूण फोटोत कधीच नसते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यात पाणी आणले गेले. त्या नळाचे पाणी शहरातल्या सार्वजनिक हौदांत आणि काही वाड्यांत येत असे. घरात असा हौद असेल तर तो जुनेपणाचा लाकडापेक्षा चांगला पुरावा. शिवाय नवी इमारत बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो पायात येणारा पाण्याचा मार्ग आहे. जाहिरातीत हौद लिहिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

सागवानी काम

या दोन शब्दांना दोन गिऱ्हाइके असतात. एकाला त्या लाकडात राहायचे असते, दुसऱ्याला ते विकायचे असते. जुन्या सागाला आजही भाव आहे. वाड्यांचे खांब, दरवाजे, कडीपाट शेतघरांत आणि हॉटेलांत जातात. काही व्यवहारांत वाडा उतरवणाराच लाकडाच्या बदल्यात मालकाला पैसे देतो. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला मात्र लाकूड कुठल्या जातीचे यापेक्षा ते काय पेलते आहे, हे कळायला हवे.

याचा दारुण धडा महाराष्ट्राला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मिळाला. किल्लारी आणि भोवतालच्या गावांतली घरे बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड थर असलेल्या माळवदांची होती. त्या भिंती दोन थरांच्या. बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते. धक्का बसताच थर सुटले आणि भिंती ढासळल्या. पण जिथे छताचे ओझे लाकडी खांब-तुळयांवर होते, तिथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे पाहणीत आढळली. म्हणजे घर सुरक्षित की नाही हे भिंतीच्या जाडीवरून ठरत नव्हते. खणांचा सांगाडा शाबूत आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून होते. ज्या खणांत आपले पूर्वज घर मोजत, तेच खण घराची खरी ताकद होते.

जाहिरातीतल्या फोटोत म्हणून तीन ठिकाणी पाहावे. पहिले, आढे. छपराची वरची रेषा मधे झुकलेली असेल तर आतले लाकूड थकले आहे. दुसरे, खांबाचे बूड. तळखड्यावरचा खांब जमिनीच्या ओलीपासून उचललेला असतो. पण नंतर कोणी फरशी चढवून तळखडा बुजवला असेल तर खांबाचे बूड कुजण्याची शक्यता मोठी. तिसरे, भिंतीत शिरणारी तुळईची टोके आणि त्यांच्याखालचे डाग. वाळवी आणि ओल तिथून सुरू होते. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर पन्हळ बऱ्याच वर्षांत साफ झालेली नाही असे खुशाल समजावे.

‘नूतनीकरण केलेला’ या शब्दाने तर अधिक सावध व्हावे. माती आणि चुन्याच्या भिंतीला आतली ओल बाहेर टाकावी लागते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून सुटत जाते. पोपडे आलेली पण श्वास घेणारी भिंत पुष्कळदा त्या नव्या भिंतीपेक्षा बरी असते. मोडकळीस आलेले दिसणारे प्रत्येक घर मोडकळीस आलेले नसते, आणि रंगवलेले प्रत्येक घर धडधाकट नसते.

शनिवारवाड्याजवळ

ही जाहिरातीतली सर्वांत गौरवाची जागा, आणि विक्रीच्या दृष्टीने सर्वांत अवघड. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही; असलेल्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. परिणामी त्या शंभर मीटरांतले जुने वाडे पाडून नवे बांधता येत नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च पेलेल एवढे उत्पन्न त्यांतून येत नाही. एका वाड्याचे रक्षण करणारा कायदा शेजारच्या वाड्यांना तसेच झिजत ठेवतो. कायदा चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. पण ‘जवळ’ म्हणजे किती मीटर, हा प्रश्न इथे भावनेचा राहत नाही.

दुसरे ‘जवळ’ आहे नदीचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत घुसले. मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात उभ्या राहू शकल्या नाहीत. असंख्य घरे बसली. त्या पेठांतला वाडा जाहिरातीत ‘पेशवेकालीन’ म्हणवत असेल, तर १९६१ मध्ये त्याचे काय झाले हा रास्त प्रश्न आहे. पुराचे पाणी कुठवर चढले याच्या खुणा पुण्यात काही ठिकाणी जपलेल्या आहेत. शेजारचे वृद्ध गृहस्थ किंवा आजी असतील तर त्या जागेवर बोट ठेवून दाखवतील. पूररेषेचा नकाशा पाहावाच. पण आधी त्यांना विचारावे.

भाडेकरूसह

या एका शब्दात विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या शहरांचा अर्धा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत जागेची टंचाई झाली. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’ ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हा पाया धरला. तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक चालला. घरदुरुस्तीची जबाबदारी मालकावर होती. भाडे मात्र १९४०च्या ठिकाणी. घरपट्टी, कौले, चुना, गवंड्याची मजुरी यांतले काहीच १९४० मध्ये थांबले नव्हते.

याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने जागा सोडली नाही, कारण त्या भाड्यात दुसरीकडे कोपराही मिळाला नसता. दोघांतला कोणीही वाईट माणूस असण्याची गरज नव्हती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक आणि मनमानी झाल्या आहेत असे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरवर्षी चार टक्के वाढीची सोय केली आणि पूर्वी गुन्हा असलेली पागडी कायदेशीर केली. परंतु मुळातच नगण्य असलेल्या भाड्याच्या चार टक्क्यांनी वाड्याचे छप्पर शाकारून होत नाही.

‘भाडेकरूसह’ याचा अर्थ खरेदीदाराच्या दृष्टीने असा, की घराबरोबर माणसेही येतात आणि त्यांचे हक्कही येतात. किती माणसे, हे जाहिरात सांगत नाही, फोटो सांगतो. जिन्याखाली विजेचे मीटर किती आहेत ते मोजावे. दारावरच्या टपालपेट्या मोजाव्यात. एकाच सज्जाचा कठडा तीन रंगांत रंगवला असेल तर तिथे तीन बिऱ्हाडे आहेत. मालक ‘दोनच भाडेकरू’ म्हणत असेल आणि मीटर सात असतील, तर बाकीचे पाच कोणाचे ते विचारावे. भाडेकरू एखादी बँक किंवा मोठी कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. १९९९च्या कायद्याचे संरक्षण बँकांना आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना नाही.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस हा या गोष्टीतला शेवटचा अंक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६४व्या कलमाखाली ती निघते. तिचा हेतू माणसे वाचवण्याचा आहे आणि ती अनेकदा अत्यंत गरजेची असते. पण पाडकामाचा आदेश हे भाडेकरूकडून जागा खाली करून घेण्याचे कायदेशीर कारणही ठरते. त्यामुळे नोटीस कोणी मागवली, केव्हा मागवली आणि तिच्यामागे अभियंत्याची तपासणी आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘धोकादायक’ हा शब्द पूर्ण समजत नाही. सत्तर वर्षे एकाच खोलीत राहिलेल्या बाईंचा हक्क आणि त्यांचा जीव, दोन्ही त्या एका कागदावर टांगलेले असतात.

टायटल क्लिअर

वारसांची भाषा जाहिरातीपेक्षा ‘जाहीर नोटीस’ या सदरात अधिक स्पष्ट दिसते. तमाम लोकांस कळवून वकील विचारतात, या मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, लीज, लिन, वारसा, पोटगी, अन्नवस्त्र, वहिवाट अशा स्वरूपाचा हक्क आहे काय? मिळकत निर्वेध व निजोखमी आहे असा भरवसा मालकाने दिलेला असतो. या यादीतले ‘अन्नवस्त्र’ आणि ‘पोटगी’ हे शब्द मला नेहमी थांबवतात. घरातल्या विधवेचा आणि टाकलेल्या बाईचा त्या घराशी कायद्याने मान्य केलेला संबंध तेवढाच होता. तो कागदाच्या भाषेत अडकून राहिला आहे.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वाटा दिला. पण त्याच कायद्याच्या २३व्या कलमाने कुटुंबाच्या राहत्या घराच्या बाबतीत तो अडवून धरला. घरात कुटुंब राहत असेल तर पुरुष वारस वाटणी करायचे ठरवीपर्यंत मुलीला ती मागता येत नसे. अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेली मुलगी तिथे फक्त राहू शके. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायादाचा दर्जा दिला. २३वे कलम गेले ते २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने, त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरपासून. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मतःच असतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, हे स्पष्ट केले.

जुना वाडा म्हणजे बहुधा तीन-चार पिढ्यांची सामाईक मिळकत. ‘सर्व वारसांच्या सह्या आहेत’ असे कोणी म्हणाले, तर वंशावळ मागावी आणि तिच्यात बहिणी व आत्या मोजाव्यात. ज्या वंशावळीत तीन पिढ्या फक्त मुलगेच जन्मले, ती वंशावळ पुन्हा तपासावी. ‘एक चतुर्थांश हिस्सा विकणे’ अशी स्वस्तातली जाहिरात असेल तर अधिक जपावे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४व्या कलमानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केला, तर १८९३च्या वाटणी कायद्याने घरच्यांना तो हिस्सा मूल्यांकनाने विकत घेण्याची मुभा आहे. कायद्याने परक्याला उंबऱ्यावर थांबवले आहे.

हेच घर गोव्यात असते तर शब्द बदलले असते, गाठ तीच राहिली असती. तिथल्या जाहिरातीत ‘पोर्तुगीजकालीन घर’ असते. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेत पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जात असल्याने वारसाबरोबर त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराचीही सही लागते. आणि आवारात मुंडकाराचे घर असेल तर १९७५चा मुंडकार संरक्षण कायदा आलाच. पुण्याच्या वाड्यात भाडेकरू, तिथे मुंडकार. रिकामे दिसणारे जुने घर दोन्हीकडे क्वचितच रिकामे असते.

आहे त्या स्थितीत

आता शेवटचा शब्दप्रयोग. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्याला १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, विक्रेत्याने मिळकतीतला किंवा मालकीतला असा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सामान्य काळजी घेऊनही कळणार नाही. तो न सांगणे ही फसवणूक, असेही कलम म्हणते. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द या जबाबदारीतून बाहेर पडण्याची वाट शोधतात. जे दिसते त्याची जोखीम घेणाऱ्यावर टाकणे समजू शकते. जे लपलेले आहे त्यासाठी हे शब्द पुरेसे पांघरूण नाहीत.

या कलमाचा दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरही आहे. विक्रेत्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दल किंमत वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल आणि विक्रेत्याला नसेल, तर ती त्याने सांगितली पाहिजे. परगावी राहणाऱ्या, आपला हिस्सा किती हेही ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्या आत्याकडून घाईने सही घेणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेले बरे.

सारांश असा. जुन्या वाड्याची जाहिरात बहुतेक वेळा खोटे बोलत नाही. ती जागेचे वर्णन करते, कारण विक्री जागेची आहे. घर पारखायचे असेल तर ज्या गोष्टी ती मोजत नाही त्या मोजाव्या लागतात : खण, तळखडे, मीटर, बहिणी. या चारही मोजणीला तज्ज्ञ लागत नाही. अर्धा दिवस आणि विचारण्याची तयारी पुरते. त्यापुढचे काम अभियंत्याचे आणि वकिलाचे.

विकणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. वाडा विकणे हा गुन्हा नव्हे. गळके छप्पर आणि बारा वारस सांभाळणाऱ्याला बाहेरच्यांनी वारशाचे धडे देऊ नयेत. मात्र खरेदीखताच्या परिशिष्टात ‘मोडकळीस आलेल्या बांधकामासह’ याच्या जागी दहा ओळी लिहायला खर्च येत नाही. खण किती, चौक किती, हौद आहे का, जोते कशाचे, कोण कुठल्या खोलीत किती वर्षे राहिले. नोंदणी झालेला दस्त सरकारी कार्यालयात जपला जातो आणि त्याची नक्कल मिळते. वाडा गेला तरी त्या दहा ओळी तिथे राहतील, आणि शंभर वर्षांनी कोणी शोधायला आला तर त्याला जागेच्या आकड्याशिवाय घरही सापडेल.